साडेआठची नोंद
रोजनिशीतील पाने, २०२५

२४ मे
केरळात मान्सून आला म्हणून जाहीर झालं. आठ दिवस आधी. इकडे मे महिना लागल्यापासून पडतोच आहे. वळीव म्हणावं तर वळवाला वारा लागतो, कडकडाट लागतो, अर्ध्या तासात आटपावं लागतं. हा रात्रभर रिपरिपतो. माझ्या वहीत ‘मान्सूनपूर्व’ असा रकाना आहे. त्यात लिहिला. ११.६ मिमी.

२६ मे
मुंबईत आज पोचला. इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. ‘आला’ कशाला म्हणायचं ते वाचून काढलं. केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूर मिळून ठरवलेली १४ ठिकाणं. त्यांतल्या ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस. शिवाय पश्चिमेचा वारा ठरावीक उंचीपर्यंत, ठरावीक जोराचा. शिवाय ढगांवरून अवकाशात परत जाणारी उष्णता ठरावीक आकड्याच्या खाली. एवढं सगळं जुळलं की कुणीतरी टेबलाशी बसून म्हणतं, आला.

३ जून
ऊन. आकाश धुतल्यासारखं. पुढं सरकायचं नावच नाही.
बालाजी आला. “काय करालाव काका? आला म्हणून सांगितलं होतं ना हो? मग गेला कुठं?”
पेरायचं विचारतोय. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा दरवर्षीचा सल्ला. माझ्या वहीत मेमधलाच त्याहून जास्त आहे. तो धरायचा का? तो मान्सूनपूर्व रकान्यात आहे. जमिनीला रकाना माहीत नाही, पण वरचा थर वाळून फुफाटा झालाय हेही खरं. चार दिवस थांब म्हटलं.

८ जून
मृग लागला. कोरडा.
पंचांग उघडून बसलो. सूर्य मृगात येतो ती तारीख आपल्याला कायमची वाटते, पण तीही सरकते. पृथ्वीचा आस डुलतो, म्हणून नक्षत्रांच्या मानानं ऋतू मागे जातात. साधारण ७२ वर्षांत एक दिवस. वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याच्या काळी सूर्य मृगात यायचा तेव्हा ऋतू आजच्यापेक्षा जवळपास वीस दिवस मागे असायचा. म्हणजे त्याचा मृग आपल्या भर उन्हाळ्यात. नाव तेच, तारे तेच, खालचं आभाळ वेगळं.
गावात कुणाला सांगितलं तर म्हणतील, सर रिटायर झाल्यावर बिघडले.

१२ जून
रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.४. डॉक्टर म्हणाले, “बॉर्डरवर आहात सर. ६.५ ला मधुमेह म्हणायचं.”
“आणि आज काय म्हणायचं?”
“आज म्हणायचं, गोड कमी करा.”

१७ जून
अखेर धरला. रात्रीतून ३४.२. बालाजीनं सकाळीच तिफण काढली. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ. नदीकाठचं रान आहे, काळी कसदार, हात घालाल तेवढी खोल.

२२ जून
आर्द्रा. साडेआठला सईला घेऊन पर्जन्यमापकाशी गेलो. मोजपात्रात पाणी काचेला कडेनं वर चढतं, मध्ये खोलगट राहतं. त्या खोलगटाच्या तळाशी डोळा आणायचा. तिला गुडघ्यावर बसवलं. “दोन पॉइंट चार,” म्हणाली.
“म्हणजे काल पावसाचा दिवस नव्हता.”
“पडला की आजोबा! माझं दप्तर भिजलं.”
२.५ झाला तर पावसाचा दिवस. २.४ नाही. थेंबभर कमी पडलं. हवामान खात्याचा नियम, आणि त्याला इलाज नाही, कुठंतरी रेघ ओढावीच लागते. सई म्हणाली, अजून एक थेंब टाकू का आपण?

२३ जून
अजून एक विचित्र गोष्ट तिला सांगायची राहिली. आज साडेआठला मोजतो तो बहुतेक कालचा पाऊस. पण वहीत आजच्या तारखेला चढतो. पहाटे तीनचा असो की काल दुपारचा, सगळा आजचा. दिवस असा कुठं सुरू होऊन कुठं संपतो, ते मोजणाऱ्यानं ठरवायचं.

२९ जून
दुपारभर ओट्यावर ढग बघत. पश्चिमेकडून कापसाचे गठ्ठे निघाले. तासाभरात वाढले, माथ्यांना फुलवरासारखे कोंब. चारपर्यंत माथे पसरले, एकमेकांत गेले, सगळं करडं पांघरूण. पाचला फाटलं. वर उंचावर पिसं राहिली.
ढगांना नावं देणारा ल्यूक हॉवर्ड लंडनचा औषधं बनवणारा माणूस. १८०२ साली त्यानं एका छोट्या मंडळात निबंध वाचला. क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस. लॅमार्कनंही त्याच वर्षी फ्रेंचमध्ये नावं दिली होती, ती चालली नाहीत. हॉवर्डची चालली. लॅटिन होती म्हणून, असं सगळे लिहितात. मला वाटतं, खरं कारण दुसरं आहे. ढग एकाचा दुसरा होतो हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं जोडनावं केली. सिरो-क्युम्युलस, क्युम्युलो-स्ट्रेटस. पकडून ठेवायला नावं, आणि निसटणाऱ्यासाठी नावांच्या मध्ये दारं.
आजच्या आंतरराष्ट्रीय ढगसंग्रहात तर हा ढग कुठल्या ढगातून निघाला तेही नावातच घालतात. एक शेपूट लागलं तर थोडा भाग बदलून नवा झाला, दुसरं लागलं तर सगळाच पालटला. वंशावळ आहे ढगांची. पहिला संग्रह १८९६ चा. शेवटची मोठी सुधारणा २०१७ ची, तीत विमानांच्या धुरातून झालेल्या ढगांनाही जागा मिळाली. म्हणजे यादीसुद्धा वाढतीच.

६ जुलै
आषाढी. उपास. साबुदाण्याची खिचडी हिनं माझ्यापुढून उचलली. “६.४,” एवढंच म्हणाली.

११ जुलै
कोरडं. सोयाबीन दोन पानांवरून चौथ्यावर. माना टाकायला लागलंय.
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात अरत्निभर तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलाय. देशोदेशीचे आकडेही दिलेत. अवंतीचा २३ द्रोण. अश्मकाचा त्याहून बराच कमी. अश्मक म्हणजे गोदावरीचा हा पट्टा, म्हणजे आम्हीच. तेव्हाही कमीच. त्यानंतर इथं किती राज्यं झाली, किती भाषा बदलल्या. भांडं मात्र तसंच, अंगणात.

१५ जुलै
मिलिंदप्रश्न पुन्हा काढलं. मी मिलिंद महाविद्यालयात शिकलो. १९५० साली बाबासाहेबांनी काढलेलं. परिसराचं नाव नागसेनवन. तीन वर्षं त्या झाडांखाली डबा खाल्ला. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, दोघांची नावं रोज तोंडात. पुस्तक मात्र नोकरी लागल्यावर वाचलं.
राजा ग्रीक, मेनँडर. विचारतो, जन्माला आला तोच माणूस मोठा होतो का? नागसेन दिव्याचं उदाहरण देतो. रात्रभर दिवा जळला. पहिल्या प्रहरची ज्योत आणि शेवटच्या प्रहरची एकच का? नाही. मग दोन दिवे होते का? तेही नाही. एकाच दिव्याच्या आधारानं रात्रभर उजेड राहिला.
मग दूध, दही, लोणी, तूप. दुधालाच दही म्हणेल तो चुकेल. पण दुधावाचून दही नाही.
इथं घरी हिनं विरजण लावून ठेवलंय. साडेदहाला उघडून बघितलं तर दूध. पहाटे पाचला उघडलं तर दही. मधल्या कुठल्या मिनिटाला झालं ते बघायला बसलो असतो तर झाकण सारखं उघडतो म्हणून ओरडा बसला असता.

२ ऑगस्ट
‘सरासरीच्या इतके टक्के.’ रोज पेपरात.
ही सरासरी कुठली, ते बघितलं. आता धरतात ती १९७१ ते २०२० ची, देशाची ८७ सेंटिमीटर. तिच्या आधी १९६१ ते २०१० ची, ८८. त्याआधी ८९. दर दहा वर्षांनी जुनी दहा वर्षं गळतात, नवी दहा येतात. ९६ ते १०४ टक्के पडला तर ‘सामान्य’. पण ज्याच्याशी ताडून बघायचं तेच हळूहळू खाली बसतंय. आज्याच्या काळातला ‘सामान्य’ आज पडला तर किंचित जास्त दिसेल.
मुंबईत मान्सून येण्याची तारीखही २०२० साली १० जूनची ११ केली. परतण्याची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर. आमच्या वेळी पुस्तकात ‘जून ते सप्टेंबर’ असं ठोकून शिकवायचो.

१८ ऑगस्ट
रात्रभर. सकाळी मोजपात्र परत परत भरावं लागलं. ७१.४.
बालाजीच्या रानात गुडघाभर. सरीसरीत पाणी उभं. मुळं सडणार.

१९ ऑगस्ट
महसूल मंडळाच्या यंत्रावर ६३.
अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ लागतात, आणि मंडळाचा आकडाच धरतात. यंत्र इथून नऊ किलोमीटरवर. त्याचं काही चुकलं नाही. तिथं ६३ च पडला असेल. ढगाच्या कडेला असेल ते.
बालाजी माझी वही घेऊन गेला होता. तिला कोण विचारतो. “काका, माझ्या रानात जो पडला तो कागदावर पडलाच नाही बघा.”

२० ऑगस्ट
विचार केला तर दोन्ही आकडे खरे. ढगाला मंडळाची शीव नाही. पण मदत वाटायची तर शीव लागणार, आकडा लागणार. तक्रार रेघ असण्याची नाही. तक्रार एवढीच की एकदा रेघ ओढली की अलीकडे ‘झालं’, पलीकडे ‘नाही झालं’. ६३ म्हणजे शून्यच का? ६५ च्या आत किती होतं हे कुठंच उरत नाही.

२२ ऑगस्ट
पोळा. बैलजोड्या गावात मोजून अकरा. ट्रॅक्टरलाही झूल घातली पोरांनी.

१३ सप्टेंबर
उत्तरा. उरलेलं सोयाबीन बरं दिसतंय. शेंगा धरल्यात. बालाजी हसला आज.

२३ सप्टेंबर
इथं पाऊस ९.२. म्हणजे हलका.
पहाटे साडेतीनला ओरडा. वर धरणाचे दरवाजे उघडलेत, मांजरा नदी काठ सोडून चाललीय. टॉर्च मारला तर बालाजीचं रान नाहीच. नुसतं पाणी, त्यात विजेच्या खांबाचं डोकं.
वहीत लिहिलं: हलका पाऊस. हात थबकला. पण पर्जन्यमापकात तेवढंच होतं.

२४ सप्टेंबर
पाणी तसंच. शाळेत तीस-चाळीस माणसं. पोरांना मजा.
हीच नदी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेनं आणलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. तेव्हा मांजराच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, मी पंच. ‘दुष्काळी जिल्हा’ हे नाव तेव्हा इतकं चिकटलं की कालपर्यंत पोरीचं स्थळ सांगतानाही लोक म्हणायचे, लातूरकडे पाणी नाही हो.
आज शाळेच्या दुसऱ्या पायरीला आहे.

२६ सप्टेंबर
उतरलं.
बालाजीबरोबर गेलो. नदीकडचं दीड एकर खरडून गेलंय. काळी गेली, मुरूम उघडा पडला. पांढरा, टणक. तुरीचं एक खोड मुळासकट लटकत होतं, मुळांना मुठीएवढी माती. बालाजीनं ती माती झटकली आणि खिशात घातली. का, ते विचारलं नाही.

२८ सप्टेंबर
हस्त. पुन्हा रात्रभर. ८३.०. या वेळी सगळीकडेच. रेघ कुठं ओढायची हा प्रश्नच नाही.

१ ऑक्टोबर
हंगाम मिटला. देशात १०८ टक्के. आजपासून पडेल तो मान्सूनोत्तर. आभाळाला कुणी कळवलेलं दिसत नाही, दुपारी पुन्हा झड.

४ ऑक्टोबर
पंचनामे. करणारा तरुण पोरगा आहे, पायाला चिखल, तीन दिवस झोपलेला नसावा. मी त्याच्याबरोबर फिरलो, वाचायला मदत.
निकषांचा कागद त्याच्या मोबाइलमध्ये. जिरायत हेक्टरी ८,५००. बागायत १७,०००. नुकसान ३३ टक्के किंवा वर पाहिजे. बालाजीच्या विहिरीला पाणी असतं त्या वर्षी ते रान बागायत, नसतं त्या वर्षी जिरायत. सातबाऱ्यावर जिरायत. विहीर सध्या काठोकाठ, पण आत गाळ. पोरग्यानं दोनदा वर बघितलं आणि जिरायत लिहिलं.
मग खरडलेलं दीड एकर. ‘जमीन वाहून जाणे’, हेक्टरी ४७,०००.
तिथून दोन किलोमीटर खाली, नदीच्या वळणावर, रामकिशनचं रान. त्याच्या सोयाबीनवर मांडीएवढा गाळ. ‘गाळ साचणे’, काढायला हेक्टरी १८,०००.
रामकिशनच्या बांधावर उभा राहून ओंजळभर उचलला. ओला, काळा, मध्ये वाळूची चमक. बोटांत दाबला तर चिकट. ही माती पुरापर्यंत बालाजीची शेती होती. तिथं गेली म्हणून नुकसान, इथं आली म्हणूनही नुकसान. दोन अर्ज, दोन फोटो, दोन दर.
पोरग्याला म्हटलं. तो म्हणाला, “सर, ॲपमध्ये एका वेळी एकच प्रकार टिक होतो.”

५ ऑक्टोबर
झोप नाही. गाळ सगळा बालाजीचाच कसा म्हणायचा? मांजरा बालाघाटच्या डोंगरातून निघते. पाटोदा, केज, कळंब, वाटेत किती जणांची रानं चाटत येते. आणि बालाजीची काळी तरी कुठून आली होती? अशाच कुठल्या पुरांनी, शेकडो वर्षांत, थरावर थर. त्याच्या पणजोबानं विकत घेतली तेव्हा ती वाटेतच होती. दोन पुरांमध्ये टेकली होती एवढंच. त्या मुक्कामाला आपण गट नंबर दिला.
हे बालाजीला सांगण्यासारखं नाही. त्याचं दीड एकर गेलंय.

१४ ऑक्टोबर
६.५.
डॉक्टर म्हणाले, “आता नाव पडलं.” गोळी सुरू. सकाळ-संध्याकाळ.
तांबड्या पेशी १२० दिवस जगतात. म्हणजे जूनमध्ये तपासलेलं रक्त आज माझ्या अंगात जवळपास उरलेलंच नाही. तेव्हाचे ६.४ ज्या पेशींचे होते त्या गेल्या. नवं रक्त, नवा आकडा, फाइल जुनीच. हे ऐकून ही म्हणाली, “ते नागसेनाला सांगा. मला सांगा, दिवाळीत शंकरपाळे खाणार की नाही?”

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. एक शंकरपाळा. नोंद घ्यावी.

३१ ऑक्टोबर
चावडीवर पैसेवारी, पिकाचा सरकारी अंदाज. आधी नजरअंदाज, आता सुधारित, डिसेंबरात अंतिम. ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर पुढचं सगळं. मला ही पद्धत आवडत आली आहे, खोटं कशाला बोलू. सरकारी कामात हा एकच आकडा असेल जो जन्मतःच सांगतो, मी बदलणार आहे. माणसांच्या फायली अशा ठेवल्या असत्या तर? नजरअंदाज बालाजी, सुधारित बालाजी.
यावर्षी नजरअंदाजच इतका खाली आहे की भांडण नाही.

४ नोव्हेंबर
रामकिशनला गाळ काढायचाय, टाकायला जागा नाही. नदीत टाकू देत नाहीत. बालाजीला माती पाहिजे, विकत घ्यायला पैसे नाहीत. दोघांचं गेल्या दोन वर्षांत बोलणं नाही. दोघंही वेगवेगळे माझ्याकडे आले, एकाच दिवशी.
“माझीच माती आहे ती.”
“तुझं नाव लिहिलंय का तिच्यावर?”
हे मध्ये मी ऐकायचं.

७ नोव्हेंबर
ठरलं. ट्रॅक्टर रामकिशनचा, डिझेल बालाजीचं, भरायला दोन्ही घरची माणसं. कृषी सहायकानं गाळ बघितला, वाळू जास्त आहे म्हणाला, शेणखत घाला, हरभरा येईल.
तलाठ्याला विचारून घेतलं. एकाचा गाळ दुसऱ्याच्या रानात गेला तर अर्जांना काही बाधा? त्यानं दोन्ही फायली शेजारी ठेवून बघितल्या. “दोन वेगळी प्रकरणं आहेत सर. एकमेकांशी काही संबंध नाही.”

१२ नोव्हेंबर
ट्रॉल्या सकाळपासून. मुरमावर ढीग पडतायत, बायका फावड्यानं पसरतायत. जुन्या काळीचा रंग नाही, करडी आहे, मध्ये शिंपले, कुणाच्या तरी रानातला ठिबकचा तुकडा, एक प्लास्टिकची चप्पल.
चहाला सगळे बांधावर. रामकिशननं हळूच काढलं, हरभऱ्यात चौथाई पाहिजे. माती त्याच्या रानातून आली ना.
बालाजी म्हणाला, “देतो की. फक्त आधी केजवाल्यांना विचारून ये, त्यांना किती पाहिजे.”